राखून ठेवलेला खांदा

सूड वाईट असं म्हणणाऱ्यांवर कधी तशी वेळ आलेली नसते, असं माझं मत आहे. ते मत मी कौशल्याबाईंच्या घरात राहून बनवलं. पुढे जे घडलं त्याने त्याला चांगलाच तडा गेला, पण मी ते अजून पुरतं टाकून दिलेलं नाही.

आम्ही त्यांचे भाडेकरू. माझे यजमान उद्धवराव मूळचे लातूरकडचे. पिंपरीला औषधांची कंपनी निघाली तसे ते नोकरीला आले, मागून मी आले. चिंचवडात खोली मिळेना, म्हणून पवनेच्या काठच्या या गावात कौशल्याबाईंची पडवी घेतली. पहिल्याच दिवशी पाण्याला गेले तर आडावरच्या बायका म्हणाल्या, "नशीब काढलंत विमलबाई, देवमाणसाच्या घरात ऱ्हायला मिळालं." देवमाणूस तर देवमाणूस. पण मी आईच्या चार जावांच्या घरात वाढलेली. कोण कोणावर दात धरून आहे हे मला भाकरी थापण्याच्या आवाजावरून कळतं. दौलतराव पाटील गल्लीतून गेले की कौशल्याबाईंची भाकरी परातीत अशी बडवली जायची की शेजारची कुत्री उठून बसायची. मी मनात म्हटलं, या देवमाणसाच्या पोटात काहीतरी खदखदतंय.

कौशल्याबाई तेव्हा चाळिशीला टेकलेल्या. विधवा, पोरबाळ नाही, नवऱ्यामागे नदीकडची थोडी बागायत उरलेली. मराठी सात यत्ता शिकलेल्या, आणि तेवढ्यावर त्यांनी 'नागरिक सेवा मंडळ' काढलं होतं. शाळेतून उठलेली पोरं, ढोरं राखणारी, खाणीत दगड फोडणारी, काळेवाडीकडे बाहेरगावाहून मजुरीला आलेल्यांची, आणि महारवाड्यातली, अशी सगळी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जमत. आधी अक्षरं गिरवायची, मग गावची कामं. गटार उपसायचं, आडात औषध टाकायचं, आजाऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं. सभेत उभं राहून कसं बोलायचं तेही त्या शिकवत. सत्तावन्नच्या निवडणुकीच्या आधी त्यांनी पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट भरवली. कुणाला मत द्यायचं ते कोणीही सांगो, आधी "का?" म्हणून विचारायचं. पाटील सांगो नाहीतर खुद्द कौशल्याबाई सांगोत, विचारायचंच. पुण्याहून एक वर्तमानपत्रवाला येऊन त्यांचा फोटो काढून गेला. प्रांतसाहेबांनी हार घातला. हार घालताना साहेबांच्या शेजारी दौलतराव उभे होते, कारण पोलीस पाटील तेच. त्या फोटोत कौशल्याबाई हसताहेत असं लोकांना वाटतं. मला विचारा, त्या दिवस मोजत होत्या.

पण मंडळाचं नाव झालं ते या कामांनी नव्हे. ते झालं खांद्यामुळे.

कंपन्या निघाल्या आणि गावातले धडधाकट पुरुष सकाळी सायकली घेऊन पहिल्या शिफ्टला जायला लागले. दिवसा गावात उरायच्या बायका, म्हातारे आणि शेळ्या. अशात कोणी गेलं तर तिरडी उचलायला माणूस मिळेना. पूर्वी भावकी धावून यायची. आता भावकी कंपनीच्या फाटकाच्या आत. मग लोक कौशल्याबाईंच्या दारात येत आणि मंडळाची पोरं जात. कोणाचं घर ते विचारायचं नाही, काही घ्यायचं नाही, खांदा देऊन, नदीवर अंघोळ करून परत यायचं. फक्त एक नियम होता. निरोप चालत नसे. ज्या घरात मयत झालं त्या घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः यायचं, ओसरीच्या पायरीखाली उभं राहायचं आणि तोंडाने मागायचं.

हा नियम मला खटकला. दुःखात असलेल्या माणसाला दारात कशाला उभं करायचं? एका दुपारी आम्ही दोघी हुलगे पाखडत बसलो होतो तेव्हा मी विचारलं. कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मला सगळं सांगितलं.

त्यांचे यजमान ज्योतीराम. स्वराज्य आलं त्याच्या पाठोपाठची गोष्ट. त्यांच्या मळ्यात विहिरीचं काम चाललं होतं. महारवाड्यातला एक माणूस कामावर होता, वरून दगड निसटला आणि तो जागीच गेला. ज्योतीरामांना ते फार लागलं. माझ्या विहिरीत मेला, माझ्या घरचाच तो, असं म्हणून त्यांनी भर गावातून त्याच्या तिरडीला खांदा दिला. झालं! चावडीवर गावकी बसली. तेव्हाचे पाटील रंगराव, म्हणजे दौलतरावांचे वडील. त्यांनी ज्योतीरामांना वाळीत टाकलं. न्हावी बंद, सुतार बंद, आड बंद, रामराम बंद. दोन पावसाळे ज्योतीरामांनी तसे काढले आणि तापाने गेले.

"मी गेले की पाटलाच्या दारात," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्हणलं, वैर जित्त्या मानसाशी आसतंय, आता मातीला तरी चला. म्हातारा आत बसलेला. दौलतराव दारात आला. सुपारी कातरत व्हता. म्हणला, गावाला येळ न्हाई."

"आणि कोणीच आलं नाही?"

"आली व्हती की. महारवाड्यातली समदी आली व्हती. इहिरीत मेला त्येचा पोरगा, ह्यो आपला कोंडाजी, तवा मिसरूड न्हवती फुटली, त्योबी चुलत्याबरूबर आलावता. दौलतरावानं त्यास्नी येशीत आडवलं. प्रेताला हात लावाल तर गावात पाय ठिवू देनार न्हाई म्हणला." त्यांनी सुपातला एक खडा वेचून फेकला. "मंग मी गाडी जुपली. सरपण न्हेत्यात तसं न्हेलं त्यांना. वाटंत चाक खड्ड्यात गेलं की त्यांचं डोकं फळीवर आपटायचं. मी मागं वळून बघायची, लागलं का म्हणून."

मी रडले. त्या नाही रडल्या. वाळीत टाकण्याविरुद्ध तेव्हा कायदा झालेला होता. पुण्याच्या एका वकिलाने फुकट खटला चालवतो म्हणून सांगितलं. त्यांनी नको म्हटलं.

"दंड हुईल, त्यो भरंल आन् मिशीला पीळ देत परत यील," त्या म्हणाल्या. "मला तसलं नगं. त्यानं हितं यायचं. ह्या पायरीखाली. म्हातारा नव्वदीला टेकलाय, आज ना उद्या जानार. भावकीशी ह्याचं वाकडं. कंपनीसाठी माळ गेला तवा वाटणीत समद्या चुलतभावांना ह्यानं फसवलं. त्यातला एकबी त्येच्या दारात पाणी पिनार न्हाई. मंग यील कुटं? हितंच यील."

म्हणजे गटारं, आड, अक्षरं, निवडणूक, सगळं त्या एका दिवसासाठी. पोरांना हाताशी धरून त्यांनी अख्ख्या गावाला आपल्या खांद्यांची गरज लावली होती. मला तर त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. कुठल्या पुरुषाला सुचलं असतं हे? पुरुषांनी कुऱ्हाडी काढल्या असत्या आणि येरवड्याला जाऊन बसले असते.

"आणि आला की नाही म्हणणार?" मी विचारलं.

"न्हाई कशापायी म्हणू? मंडळ कुणाला न्हाई म्हणत न्हाई." त्यांनी सूप उचललं. "दीन की खांदा. कोंडाजीचा दीन. त्याच्या जोडीदारांचा दीन. म्हातारा त्यांच्याच खांद्यावरनं जाईल. आन् ह्या दौलतरावाला म्होरं इस्तवाचं शिंकाळं धरून चालावं लागंल."

मला आता उलगडलं. इतर घरांच्या मयताला कौशल्याबाई मंडळातल्या गेनूला आणि त्याच्या जोडीच्या मराठ्यांच्या, धनगरांच्या पोरांना तिरडीला पाठवत. कोंडाजी आणि त्याचे सोबती वाट साफ करायला आणि लाकडं पोचवायला असत. लोक बोलवायचे बंद होतील म्हणून असं करावं लागतं, असं त्या सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरी गोष्ट निराळी होती. कोंडाजीचा खांदा त्यांनी राखून ठेवला होता. सणाचं लुगडं पेटीत राखतात तसा.

मी पोट धरून हसले. अशी गोड योजना मी आयुष्यात ऐकली नव्हती.

त्यानंतर वर्ष दीड वर्ष गेलं. मधल्या काळात महारवाड्यातल्या माणसांनी दीक्षा घेतली, देव्हारे नदीत सोडले, गावकीची कामं सोडली आणि आपल्या वस्तीला ते बौद्धवाडा म्हणू लागले. गाव जुनंच नाव घेत राहिलं. कोंडाजी आता बाविशीचा झाला होता, खाणीवर मुकादमाच्या हाताखाली हिशेब लिहायचा. देहूरोडला सभा असली की चालत जायचा आणि येताना बारीक अक्षरातली पुस्तकं आणायचा. बोलायचा कमी. कौशल्याबाईंचा त्याच्यावर जीव होता, हे खोटं म्हणता यायचं नाही. त्याने भरलेल्या घागरीतलं पाणी त्या पीत, त्याला ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी जाऊन बसल्या होत्या. त्याला त्या शाबासकी देत तेव्हा मला कधी कधी वाटे, पोटचं पोर असतं तर त्या अशाच दिसल्या असत्या.

वैशाखातल्या एका सकाळी पाटलांच्या वाड्यातून बायकांचा आवाज आला. रंगराव गेले होते.

कौशल्याबाई चुलीपुढून उठल्या. अंगात वारं भरल्यासारख्या. गेनूला हाक मारली आणि सांगितलं, मंडळाच्या खोलीवर टाकायला पत्रे आणायचेत, गाडी जुंप, तुझे सगळे जोडीदार घे आणि आत्ताच्या आत्ता चाकणला नीघ. गेनू म्हणाला, पाटलांकडं मयत झालंय, आज कसं जायाचं? "ते मी बघते," त्या म्हणाल्या. गाडी वेशीबाहेर गेली तशी त्यांनी कोंडाजीकडे निरोप धाडला. खाणीला त्या दिवशी सुट्टी होती. कोंडाजी आणि त्याचे तिघे सोबती येऊन ओसरीवर बसले. कौशल्याबाईंनी त्यांना चहा दिला, चुरमुरे दिले आणि आज इथेच थांबा, काम निघेल, एवढंच सांगितलं. मग धुतलेलं लुगडं नेसून त्या खांबाला टेकून बसल्या.

ऊन चढायला लागलं. आधी तात्याबा आला, पाटलांचा म्हातारा गडी. "पाटलांनी सांगितलंय, पोरं धाडा."

"कर्त्या मानसानं यावं म्हणावं," कौशल्याबाई म्हणाल्या.

तो गेला. थोड्या वेळाने दौलतरावांचे मेहुणे आले, तळेगावचे. मोठे गोड बोलणारे गृहस्थ. दाजी शोकात आहेत, रीत समजून घ्या, वगैरे. कौशल्याबाईंनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि तेच सांगितलं. मेहुण्यांनी भावकीच्या दोन घरांकडेही चक्कर टाकली म्हणे. तिथे दारं आतून लावून घेतली होती. आता उन्हाळ्याच्या दिवसात मयत किती वेळ ठेवणार? वाड्यातला आवाजसुद्धा बसत चालला होता.

मी पडवीच्या दारात उभी होते. कधी येतो, कधी येतो, असं मला झालं होतं.

आणि दौलतराव आले. डोक्याला फेटा नाही, पायात वहाणा नाहीत. गल्लीतल्या बायका उंबऱ्यांवर आल्या. पायरीपाशी येऊन ते थांबले. ज्योतीरामांच्या मयतानंतर ते या बाईशी एक अक्षरही बोललेले नव्हते.

"वैनी," ते म्हणाले. "आबा गेले."

"काय म्हणलात? मला ऐकू कमी येतंय आताशा."

खोटं! त्यांना माझ्या पडवीतली कुजबुज ऐकू यायची. दौलतरावांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि मोठ्याने म्हणाले, "आबा गेले. खांद्याला मानसं न्हाईत. शिंकाळं मला धरायचं हाय. मेव्हणा हाय आन् तात्याबा, त्येची कंबर वाकलेली. तुमची पोरं द्या."

कौशल्याबाईंनी घाई केली नाही. पदर नीट केला. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख मी ना आधी पाहिलं होतं, ना नंतर. मलाही गुदगुल्या होत होत्या, लपवून काय करू.

"देते की," त्या म्हणाल्या. "मंडळानं आजवर कुणाला न्हाई म्हणलं न्हाई. कोंडाजी, ऊठ. म्होरल्या दोन्ही अंगाला तू आन् तुजा चुलतभाऊ. मागं ह्ये दोघं."

दौलतरावांनी चौघांकडे पाहिलं. मग ओसरीभर नजर फिरवली. "गेनू न्हाई का?"

"गेनू चाकणला गेलाय."

पाटलांना सगळं समजलं. गावात कारस्थानं करण्यातच आयुष्य गेलं होतं त्यांचं. दुसऱ्याने केलेलं त्यांना ओळखता येत होतं. तोंड काळंठिक्कर पडलं. नाही म्हणायची सोय नव्हती, शिवाशिवीविरुद्ध कायदा तर होताच, आणि घरात बाप पडलेला होता. शेवटी म्हणाले, "चालंल."

कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांचं साधलं. मी तर देवाला साखर ठेवायला आत वळले होते.

तेवढ्यात कोंडाजीचा आवाज आला. "का?"

मी परत दारात आले. तो उठला नव्हता. त्याचे सोबतीही बसलेलेच होते.

"का म्हंजी?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"तुमीच शिकिवलंय, बाई. कुणी काय कराया सांगितलं तर आधी का म्हणून इचारायचं. गेनूला आज चाकणला का धाडलं? पत्रं काय उद्या मिळनार न्हवतं?"

"कोंडाजी, ही येळ न्हाई."

"हीच येळ हाय." तो शांतपणे बोलत होता, वर्गात धडा वाचून दाखवल्यासारखा. "इतकी वर्सं आमाला कुणाच्या तिरडीला लावलं न्हाई. वाट झाडा, लाकडं न्या. म्हणलं, बाईंची आडचण आसंल. आज कळलं. आमचा खांदा तुमी राखून ठिवलावता, ह्येंच्यासाठी. ह्येंच्या बापाला आमी शिवलो की ह्येंची नाचक्की, व्हय ना? आमचा खांदा म्हंजी शिक्षा हाय का, बाई?"

कौशल्याबाईंचा चेहरा पाहवेना. "आरं, ह्याच मानसानं तुमास्नी येशीत आडवलं..."

"ठावं हाय. मी व्हतो तितं. पर तवा आमची मानसं ज्योतीरामदादांना खांदा द्यायला आली ती मायेनं आली. माझ्या बापाला त्यांनी खांदा दिला त्योबी मायेनं. कुणाला बाटवायला न्हाई."

मला त्याचा इतका संताप आला की काय सांगू. इतक्या वर्षांचं मांडलेलं, ताटात वाढलेलं, आणि हा पोरगा त्याच ताटाला लाथ मारतोय! याला अक्षर शिकवलं कोणी? याच्या उशाशी बसलं कोण? मी बोलणारही होते. पण कौशल्याबाईंनी हात करून मला थांबवलं, आणि मला हळूहळू दिसायला लागलं की तो खोटं बोलत नव्हता.

कोंडाजी उठला, पायऱ्या उतरून पाटलांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"पाटील, खांदा बाईंचा न्हाई, आमचा हाय. पायजे आसंल तर आमाला मागा."

दौलतराव त्याला आजवर 'कोंड्या' म्हणत आले होते, तेही नाव घ्यायची गरज पडली तर. त्यांनी दोन्ही हात जोडले. पायरीकडे नव्हे, त्याच्याकडे वळून. "कोंडाजी, आबांना खांदा द्या."

"इटाळ वाटत आसंल तर आत्ताच सांगा. आमी जातो घरी."

"न्हाई वाटत."

खरं बोलले की खोटं, देव जाणे. पण बोलले, आणि सगळ्या गल्लीने ऐकलं.

"देतो," कोंडाजी म्हणाला. "पर लाकडं आमी न्हेनार न्हाई. ह्या गावात कुणीबी मरू दे, मसणवट्यात लाकडं पोचवायची आमच्या घरानं. माझा आजा त्येच वझं वाहून मेला. मढ्यावरचं कापड मिळायचं, त्येचीच कुडती आजी आमाला शिवायची. ते आता सपलं. लाकडं तुमी न्या, पाटील. तुमच्या सोताच्या डोक्यावरनं. लाकडं पोचली की आमी तिरडी उचलू."

दौलतरावांनी जबडा आवळून धोतर वर खोचलं. हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि माझा मघाचा संताप कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघींनी चघळलेला सूड याच्यापुढे किती पोरकट होता! आम्ही ठरवलं होतं, पाटलाला लाज वाटावी. याने पाटलालाच कामाला लावलं.

मला वाटलं, संपलं. पण कोंडाजी मागे वळला आणि वर ओसरीकडे पाहून म्हणाला, "आन् बाई, तुमाला? तुमाला वाटतो का आमचा इटाळ?"

त्याने रागाने विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हणा, नाही म्हणा, त्याने भरलेलं पाणी पिता तुम्ही, आणि ते खरंच आहे. त्यांनी नाही म्हटलं असतं तर गावात एकाही माणसाने शंका घेतली नसती. बहुतेक कोंडाजीनेही नसती घेतली.

कौशल्याबाई खांबाला धरून उठल्या.

"वाटत आसंल," त्या म्हणाल्या. "त्याबिगार हे मला सुचलंच नसतं."

कोंडाजीने मान हलवली. मग म्हणाला, "मंग तुमीबी लाकडं न्या, बाई."

बायका मसणवट्यात जात नाहीत. उंबऱ्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कौशल्याबाईंनी मात्र पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटलांच्या मागून त्यांच्या वाड्याच्या परड्यात गेल्या, जिथे बाभळीची लाकडं रचून ठेवली होती. मेहुणे धावले, "दाजी, तुम्ही कशाला, मी नेतो." दौलतरावांनी त्यांना हातानेच मागे सारलं. मोळी त्यांना धड उचलता येईना. कधी उचललीच नव्हती. कौशल्याबाईंनी आपली मोळी खाली ठेवून त्यांच्या डोक्यावर त्यांची चढवून दिली, मग आपली घेतली. मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मीही एक लहानशी मोळी उचलली आणि त्यांच्या मागून चालायला लागले.

आम्ही बाजारपेठेतून गेलो. दुकानदार उठून उभे राहिले. पाटलांच्या कपाळावर बाभळीच्या सालीने खरचटून रक्त आलं होतं, आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. कौशल्याबाई त्यांच्या जोडीने चालल्या होत्या, कारण वाट अरुंद होती आणि एकमेकांना सोडून पुढे जायला जागा नव्हती. दोघं सारखेच धापा टाकत होते. मी मागून बघत होते आणि मला नेमका कोणाचा कळवळा येतोय ते मला समजत नव्हतं.

नदीकाठी लाकडं टाकून दौलतराव कंबर धरून उभे राहिले. घाम पुसला तसं कपाळावरचं रक्त तोंडभर पसरलं.

"झालं ना तुमच्या मनासारखं, वैनी?" ते म्हणाले. "पाटलाच्या डोक्यावर मोळी आली. आता तरी सूड पुरा झाला?"

कौशल्याबाई चुंबळ झटकत होत्या. अजून लाकडं कमी होती. आणखी एक खेप करावी लागणार होती.

"सूड पुरा झाला, पाटील," त्या म्हणाल्या. "पर त्यो कोंडाजीचा. माझा आसता तर मी तुमच्या जोडीनं वझं वाहिलं नसतं."